शालन उठली तेव्हा

शालनची पाठ माझ्याकडे होती आणि पळणारी पोरगी तिच्या अगदी तोंडासमोर होती. खो-खोमध्ये असं जुळून आलं की करण्यासारखी एकच गोष्ट असते. पाठीवर हात टेकवायचा, ‘खो’ म्हणायचं आणि तिच्या जागी पाटीवर आपण बसायचं. पुढचं ती बघते.

विट्याचं मैदान. एक्याण्णव सालचा नोव्हेंबर, दुपारचे अडीच. मुलींचा जिल्ह्याचा अंतिम सामना, शेवटची पाळी, शेवटचं अर्धं मिनिट. एक गडी बाद झाला असता तर बरोबरी होऊन जादा डाव मिळणार होता. तो एक गडी म्हणजे समोरच्या शाळेची उंच, हडकुळी पोरगी. चार मिनिटं ती आमच्या आठ जणींच्या रांगेतून आत-बाहेर करत होती आणि एकीच्याही बोटाला लागत नव्हती. आता मात्र ती दमली होती. खांबाजवळ आली, वळताना तिचा पाय किंचित घसरला, आणि ती थांबली ती नेमकी शालनसमोर.

मी शालनच्या मागे पोचले. आणि तशीच पुढे, खांबाकडे निघून गेले.

शालन मात्र उठली होती. तिला खो मिळालाच नव्हता, तरी ती उठली होती. एक पाय पाटीबाहेर, अंग पुढे झुकलेलं, दोन्ही हात लांब केलेले. पंचांची शिट्टी वाजली. लवकर उठल्याचा फाऊल. उंच पोरगी तोवर पलीकडे जाऊन कमरेवर हात ठेवून दम खात होती. उरलेल्या सेकंदांत ती कुणाला सापडली नाही.

एका गुणाने हरलो.

मैदानाच्या कडेला तीन-चारशे माणसं होती. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की पाटीवर बसलेली एक मुलगी घाईने उठली.

*

मी पोलिसात आहे. अठ्ठावीस वर्षं लोकांचे जबाब लिहितेय. एकाच माणसाचा तीन वेळा जबाब घेतला तर तीन वेगळ्या हकिकती निघतात, आणि तिन्ही वेळा तो मनापासून बोलत असतो. म्हणून माझेही जबाब आधी लिहून ठेवते.

पहिला जबाब, त्याच दुपारी, संघातल्या मुलींना: माझा वेग जास्त होता. थांबता आलं नाही.

दुसरा जबाब, पुढे दोन-तीन वर्षांनी, ज्यांच्या त्यांच्यापाशी: मला वाटलं ती उंच पोरगी खांबाला वळसा घालणार. तिकडे तिला आडवं जावं म्हणून मी खो दिला नाही. अंदाज चुकला. खेळात चुकतो.

तिसरा जबाब नवऱ्याला, लग्नानंतर: काय झालं ते मला आठवतच नाही रे. एवढीशी होते मी.

हा तिसरा सगळ्यात वाईट. मला त्या मैदानावरचा चुना आठवतो. कुठे तो ओला होता आणि कुठे कोरडा, तेसुद्धा आठवतं.

*

शालन कोण ते सांगायला हवं.

शालन मेटकरी. तिच्या घरची माणसं मेंढरं घेऊन दिवाळीला घाटाखाली उतरायची ती पावसाच्या तोंडावर परत यायची. शाळेसाठी तिला आमच्या खरसवाडीत मामाकडे ठेवलेली. मामाला स्वतःच्या चार मुली. शालन पाचवीत माझ्या बाकावर येऊन बसली, ते तिला दुसरीकडे कुणी जागा दिली नाही म्हणून. मी दिली, कारण माझ्या शेजारीही कुणी बसत नव्हतं. वडील पोस्टमास्तर, त्यामुळे मी गावात नवीन आणि बोलण्यात शहरी. पोरी मला ‘मॅडम’ म्हणून चिडवायच्या. शालनने पहिल्याच दिवशी माझं इंदुमतीचं ‘इंदे’ केलं, आणि आठवडाभरात मी तिच्यासारखी बोलायला लागले.

पाच वर्षं आम्ही एकत्र खेळलो. तांबोळी बाई आम्हाला शिकवायच्या. त्यांचा स्वतःचा गुडघा खेळातच गेलेला, म्हणून मैदानाच्या कडेला लोखंडी खुर्ची टाकून बसायच्या आणि तिथून आम्हाला पळवायच्या.

शालनला एक खोड होती. पाटीवर बसलेलीने खो ऐकून, पाठीवर हात लागल्यावरच उठायचं असतं. शालन माझं पाऊल ओळखून उठायची. बाकीच्या सात जणींपैकी कुणी मागून आली तर नियमाप्रमाणे थांबायची. पण मी असले की माझं शेवटचं पाऊल पडायच्या आतच तिचं अंग उचललं जायचं. माझा हात आणि तिचं उठणं एकाच क्षणात व्हायचं. पंचांच्या डोळ्यांना त्यात फट दिसायची नाही. आमच्या जोडीचं सगळं यश त्या फटीत होतं.

बाईंना ते दिसायचं. म्हणायच्या, एक दिवस पकडतील तुला शालन. शालन हसायची. इंदी मागं असल्यावर कशाला थांबायचं, म्हणायची.

*

त्या दिवशी सकाळी आम्ही टेम्पोने विट्याला निघालो. मागे सतरंजी टाकून बारा मुली आणि बाई. शालन पार मागे फळीला धरून उभी, रस्त्यावरच्या प्रत्येक सायकलवाल्याला हात करत होती. बाई माझ्या शेजारी. कुणीतरी वाटलेली शेंगदाण्याची चिक्की माझ्या तोंडात होती.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, आज निवासी क्रीडाशाळेची माणसं सामना बघायला येणार आहेत. एक जागा आपल्याकडे येईल असं दिसतंय. शालनचा फॉर्म अकरा दिवसांपूर्वीच पाठवला, मामाची सही मी स्वतः जाऊन आणली. तुझाही पाठवलाय जोडीला, पण खरी आशा तिची. तीन वर्षं तिथेच राहायचं, जेवण-खाण, शाळा सगळं त्यांच्याकडे. नाहीतर मार्चनंतर मामा तिला ठेवून घेत नाही, तसं तोंडावर सांगितलंय त्याने.

मग म्हणाल्या, “तुला तर माहीतच असेल. तुम्ही दोघी काय एकमेकींपासून लपवताय.”

मी म्हणाले, “हो बाई.”

चिक्कीची चव गेली. हे मी सजवून सांगत नाही. तोंडात गोड पदार्थ होता आणि तो माती झाला. थुंकता येईना म्हणून गिळला. बाहेर ज्वारीची शेतं होती, आणि एकाएकी त्यातलं प्रत्येक धाट वेगळं दिसायला लागलं, डोळ्यांना टोचेल इतकं स्पष्ट. टेम्पोच्या फळीतून एक खिळा वर आला होता. त्यावर मी अंगठा दाबत राहिले. रक्त आलं तेव्हा बरं वाटलं, कारण आता कशाकडे तरी बघता येत होतं.

अकरा दिवस. मी मोजायला लागले. अकरा दिवसांत आम्ही दोघींनी मिळून एक वही वापरली होती. एका डब्यात जेवलो होतो. तिला ताप आला त्या दिवशी मीही शाळेत गेले नव्हते. अकरा दिवस तिला माहीत होतं की ती जाणार आहे, आणि ती माझ्याकडे बघून हसत होती.

तिचं काय होणार, मामा काय करणार, हे बाईंनी त्याच दमात सांगितलं होतं. ते मी ऐकलंही होतं. पण ते कुणा दुसऱ्याच्या घरातल्या रेडिओसारखं लांब राहिलं. जवळ होतं ते एकच: ही जाणार.

माझे वडील सहा वर्षांपूर्वी वारले. त्या दिवशी मी सगळं व्यवस्थित केलं. दाखला आणला, भावांना फोन केले, भटजी ठरवले, आईला गोळी दिली. रडलेसुद्धा. पण कुणीतरी हातात चहा दिला तेव्हा मला कळलं की साखर कमी आहे.

*

गेल्या पावसाळ्यानंतर साताऱ्यात आमचं एक प्रशिक्षण झालं. पोलीस ठाण्यात येणाऱ्या लहान मुलांशी कसं बोलावं, यावर. मला पाठवलं, कारण महिनाभर आधी आमच्या ठाण्यात एक प्रकरण आलं होतं. नववीतल्या मुलीने मैत्रिणीची नवी सायकल पेटवून दिली. का, तर ती मैत्रीण तिला न सांगता दुसरीबरोबर शिकवणीला गेली. सगळं ठाणं हसलं. मी त्या मुलीला पाणी दिलं आणि बराच वेळ काही विचारलं नाही. साहेबांना वाटलं, मला मुलांशी वागायची हातोटी आहे.

प्रशिक्षणात डॉक्टर सबनीस म्हणून एक बाई होत्या. त्यांनी फळ्यावर मेंदू काढला. तो पावासारखा दिसत होता आणि त्या स्वतःच त्याला हसल्या. मग सांगितलं ते असं: भावना उसळवणारा भाग या वयात पूर्ण जोमात असतो. त्या भावनांना आवर घालणारा, थांब म्हणणारा भाग मात्र पार पंचविशीपर्यंत घडत राहतो. त्यामुळे तुम्हाला जे खरचटणं वाटतं ती त्यांना खरोखरची जखम असते. ती नाटक करत नाहीत. मोठ्यांपेक्षा त्यांना जास्त लागतं, म्हणजे जास्तच लागतं.

आमच्या पाटणच्या एका हवालदाराने विचारलं, “मॅडम, म्हणजे फटके देऊन उपयोग नाही?” सगळे हसले. डॉक्टर म्हणाल्या, तुम्हाला दिले होते ना, काय उपयोग झाला? मग आणखी हसले.

मी हात वर केला. विचारलं, थांब म्हणणारा भाग तयार नसतो, म्हणजे आपण काय करतोय ते त्यांना कळतच नाही का?

“कळतं,” डॉक्टर म्हणाल्या. “कळण्यात ती तुमच्यापेक्षा कमी नसतात. कळलेलं त्या क्षणी हाताशी येत नाही, एवढंच.”

मी ते वहीत लिहून घेतलं. दोनदा. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन उभी राहिले. इतकी वर्षं मी मनात ज्याच्यासाठी कारण शोधत होते, त्याचं कारण एका अनोळखी बाईने पावासारख्या चित्रात दाखवून दिलं होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. दहा मिनिटं वाटलंही.

आता चौथा जबाब.

*

मी शालनच्या मागे पोचले तेव्हा माझा उजवा हात वर गेलेला होता. सवयीने गेला होता. तिची मान दिसली. वेणी दुमडून वर बांधलेली, सकाळी मीच बांधलेली, टेम्पोत बसायच्या आधी. मानेवर घामाने चिकटलेले बारीक केस. मला इतकं भरून आलं की छातीत दुखलं. प्रेम होतं ते, यात मला आजही शंका नाही. तिला तिथेच मिठी मारावी असं वाटलं. आणि त्याच श्वासात वाटलं, हात ठेवला तर ही उठेल, सूर मारेल, त्या पोरीला खांबावर बाद करेल, मंडपात बसलेली क्रीडाशाळेची माणसं टाळ्या वाजवतील आणि ही जाईल.

मी हात खाली घेतला.

पाऊल मात्र पडलं. माझं पाऊल ऐकून ती उठणार हे मला माहीत होतं. जगात ते माहीत असलेली मी एकटी होते.

एवढ्याला किती वेळ लागला असेल? फार तर दोन सेकंद.

डॉक्टर सबनीसांचं सगळं म्हणणं या दोन सेकंदांना लागू पडतं. पंधरा वर्षांची मुलगी, ओसंडलेलं मन, आणि हाताशी न येणारा तो आवर. मी या मुलीला माफ करू शकते. माझ्यासमोर खुर्चीवर बसली असती तर पाणी दिलं असतं.

पण सामना अडीचला संपला. मी हे सांगतेय ते पावणेचारचं आहे.

*

मैदानाच्या कडेला लिंबाचं झाड होतं. मुली त्याच्याखाली चपला घालत होत्या. कुणी रडत होती, कुणी डबा उघडून बसली होती. मी नळावर जाऊन तोंड धुऊन आले. अंगठ्यावरचं सकाळचं रक्त वाळलं होतं. मला भूक लागली होती. सकाळपासून छातीत जे काही भरलं होतं ते त्या दोन सेकंदांत ओतून गेलं होतं, आणि आत स्वच्छ, गार वाटत होतं.

बाई मंडपाकडून लंगडत आल्या. आम्हा दोघींना झाडाच्या मागच्या बाजूला बोलावलं.

म्हणाल्या, त्यांचा चहा चाललाय. यादी अजून लिहिलेली नाही. शालन त्यांना पहिल्यापासून आवडली होती, पण आता विचारतायत, ही मुलगी घाईची आहे का? ऐन वेळी उतावीळ होणारी मुलगी त्यांना नको आहे. मी तिकडे जाऊन बोलू शकते, पण खरं काय ते मला कळायला हवं.

शालन लगेच म्हणाली, “माझीच चूक बाई. मी आधी उठले. तुम्ही सांगतच हुता.”

“तुला नाही विचारलं,” बाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. “इंदुमती, मला खुर्चीतून तुझा हात वर गेल्यासारखा दिसला. तू खो द्यायला गेली होतीस आणि मध्येच हात मागे घेतलास का? तसं असेल तर सांग. कुणी तुला ओरडणार नाही. तिथं जाऊन मी एवढंच सांगेन की खो येत होता म्हणून पोरगी उठली. त्यांना खेळ कळतो. तेवढ्याने भागेल.”

शालन माझ्याकडे बघत नव्हती. ती चपलेचा अंगठा नीट करत होती. तिला उत्तराची चिंता नव्हती असं मला तेव्हा वाटलं.

मी शांत होते. हेच मला लिहायचं आहे. छाती धडधडत नव्हती, डोळ्यांपुढे काही वेगळं दिसत नव्हतं. बाई काय विचारतायत ते मला नीट कळत होतं, आणि काय उत्तर दिलं तर काय होईल तेही. बाईंच्या हातात रुमाल होता, त्याच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याने काढलेलं फूल होतं, आणि ते फूल बघत मी विचार केला. पूर्ण विचार केला. मग म्हणाले,

“ती आधी उठली बाई.”

शब्दन् शब्द खरा होता. रोज असे जबाब माझ्यापुढे येतात. खरं बोलून खोटं सांगणारी माणसं मी पहिल्या ओळीत ओळखते, आणि ती सगळी चाळिशी-पन्नाशीची असतात.

बाईंनी रुमाल दुमडून कमरेला खोचला. मग “बरं” म्हणाल्या आणि मंडपाकडे परत गेल्या नाहीत.

*

आठ दिवसांनी वडिलांनी पोस्टातूनच पाकीट हातात आणलं. उघडायच्या आधीच हसत होते. माझी निवड झाली होती. बाई म्हणाल्या, तुझ्या नावापुढे त्यांनी शेरा लिहिलाय, ‘थंड डोक्याची खेळाडू’.

मी गेले. जिला जवळ ठेवायला हात खाली घेतला तिला मागे ठेवून मीच गेले. तीन वर्षं राहिले, दोनदा राज्याकडून खेळले, खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात लागले. शालन मार्चपर्यंत मामाकडे राहिली, परीक्षा दिली, पास झाली, आणि मेंढरांमागे गेली. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं. मला पत्रिका आली होती. तेव्हा आमचं शिबिर चालू होतं. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती.

पुढे एकदाच भेटली. खरसुंडीच्या जत्रेत मी बंदोबस्ताला होते. गर्दीतून कुणीतरी माझी दंडाची बाही ओढली. मी काठी उगारत वळले तर ही. तीन मुलं, कडेवर एक शेळीचं पिल्लू, पुढचा एक दात नाही. मुलांना सांगितलं, ही माझी मैतरीण, फौजदार हाय. मी म्हणाले, हवालदार. ती म्हणाली, “गप गं, त्यांना काय कळतंय?” पेढे घेतले, उभ्या उभ्या खाल्ले. नवऱ्याचं सांगितलं, मेंढरांच्या रोगाचं सांगितलं, पोरगी शाळेत हुशार आहे म्हणाली. आत्ता सांगावं, असं मला तीनदा वाटलं. तीनही वेळा गर्दीत कुणीतरी मध्ये आलं. खरं तर दोनदाच आलं.

*

राहिला तो परतीचा टेम्पो.

पाच वाजले होते. ऊन तिरपं झालं होतं, मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकून पेंगत होत्या. बाई या वेळी पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. मी मागच्या कोपऱ्यात होते. शालन पोरींचे पाय ओलांडत आली आणि माझ्यापुढे मांडी घालून बसली.

“इंदे, गोळा आला हुता का गं पायात?”

“कधी?”

“मगाशी. माझ्या मागनं गेलीस तवा. शेवटचं पाऊल जड पडलं तुझं. मी ऐकलं की. तुझं तसं पडत न्हाई कधी.”

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर संशयाचा मागमूस नव्हता. मी तेव्हाही शोधला आणि आजही त्या चेहऱ्यावर तो शोधते.

“हो,” मी म्हणाले.

“वाटलंच मला. मग बाईंना का न्हाई बोललीस?” आणि मी काही म्हणायच्या आत तिनेच उत्तर दिलं. “बरं केलंस. पाय धरतो म्हणलं असतं तर तुझंबी नाव कापलं असतं त्यांनी. एकीचं तरी ऱ्हाऊ दे.”

टेम्पो खड्ड्यातून गेला. सगळ्या एकदम हलल्या, एक-दोघी जाग्या झाल्या आणि परत झोपल्या. शालनने बाईंच्या औषधाच्या डब्यातून मलमाची बाटली आणली होती. झाकण दाताने उघडलं.

“कुठला पाय?”

मला सांगायला वेळ लागला. दोन्ही पाय सारखेच होते.

“उजवा.”

तिने माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि पोटरी चोळायला लागली. मलमाचा उग्र वास सुटला. तिच्या हाताला मेंढरांची लोकर कातरून कातरून घट्टे पडले होते, ते कातडीला जाणवत होते. चोळता चोळता बोलत होती, खाली बघून.

“तुला सांगणार हुते मी त्या शाळेचं. रोज म्हणायचे, आज सांगू. पण तू रडली असतीस. तू रडायला लागलीस की मला जायला हुत न्हाई, ठाऊक हाय मला. म्हणलं, नक्की झालं की मग सांगू.” बाटलीतून आणखी थोडं मलम हातावर घेतलं. “आता काय, सांगायचंच ऱ्हायलं न्हाई.”

खरसवाडीचा फाटा आला. तिने पोटरीच्या मधोमध अंगठा दाबला, जिथे गोळा असायला हवा होता तिथे.

“हितं दुखतंय?”

“दुखतंय,” मी म्हणाले.

ती आणखी हलक्या हाताने चोळायला लागली.